हमीची मुदत आणि गिअरबॉक्सचे आयुष्य

(महानगर, लखनौ येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या शहरात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने १९२६ साली संगीताचे महाविद्यालय उभे राहिले आणि घराण्याघराण्यांत कुलपात ठेवलेली विद्या वर्गात बसून शिकण्याजोगी झाली, त्या शहरातल्या मराठी मंडळींसमोर मालवाहू गाडीच्या गिअरबॉक्सवर तासभर बोलण्याची परवानगी मागणे हे थोडेसे धारिष्ट्याचेच होते; परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ हयातभर यंत्रविद्येचे अध्यापक होते, आणि तेलकट हातांविषयी त्यांना जो आदर होता तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, तेव्हा विषय अगदीच अस्थानी ठरणार नाही अशी माझी खातरजमा आहे. माझी स्वतःची नोकरी विम्याच्या दाव्यांत मोडक्या गाड्यांची पाहणी करून कैफियत लिहिण्याची. त्या नोकरीत ज्या एका प्रकारच्या दाव्यावर मला नेहमी नकाराचाच शेरा मारावा लागला, त्या प्रकाराविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या महानगरच्या गोल चौराह्यावर सकाळी उभे राहिले तर भाजी, सिमेंट, फर्निचर, पाण्याचे जार, लग्नाचा मांडव, असे काय काय लादून एक आखूड नाकाची उघडी गाडी निशातगंजकडे पळताना दिसते. इकडची माणसे तिला ‘डाला’ म्हणतात, आपल्याकडे ती ‘पिकअप’ किंवा सरसकट ‘टेम्पो’. जूनमध्ये मलिहाबादचा दशहरी उतरू लागला की दुबग्गाच्या मंडईकडे या गाड्यांची रांग लागते आणि पेट्यांची उंची पाहून कोणाही शहाण्याला चालकाची नव्हे, खालच्या यंत्राची दया यावी. या गाडीचा इतिहास पुष्कळसा मराठी मुलखातला आहे. बजाज टेम्पोची तीनचाकी आणि मागाहून मॅटाडोर ही आकुर्डीची; टेल्कोची ४०७ ही १९८६ साली पुण्याच्या कारखान्यातून निघाली, तिच्या मागोमाग दोनच वर्षांनी टाटामोबाइल; आणि मे २००५ मध्ये आलेली टाटांची एस, जिला रस्त्याने लगेच ‘छोटा हाथी’ हे नाव देऊन टाकले, तीही पुण्याचीच. दोन सिलिंडरांचे ७०२ घनसेंटिमीटरचे इंजिन, सोळा अश्वशक्ती, चार गिअर आणि कागदोपत्री ७५० किलोंचा बोजा, एवढ्या बेताच्या सामग्रीवर तिने तीनचाकीवाल्याला चारचाकीचा मालक केले. लखनौने या कामी मागे राहू नये म्हणून की काय, सरोजिनी नगरच्या सरकारी स्कूटर्स इंडियाने विक्रम नावाची तीनचाकी कित्येक वर्षे पुरवली. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला. चिनहटकडे टाटांचा कारखाना १९९२ पासून चालू आहे, पण तिथे मोठ्या गाड्या आणि बस बनतात.

हा मालक कोण असतो, ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन त्याच्या परिस्थितीवर उभे आहे. तो बहुधा दुसऱ्याच्या गाडीवर काही वर्षे चालक म्हणून राबलेला असतो, बायकोचे दागिने किंवा गावाकडची बिघाभर जमीन मोकळी करून पहिली रक्कम भरतो, उरलेली रक्कम चार-पाच वर्षांच्या हप्त्यांनी कर्जाऊ घेतो, आणि नोंदणीच्या दाखल्यावर त्याच्या नावाखाली कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा चढतो. गाडी त्याची असते; पण सर्व हप्ते फिटेपर्यंत ती गहाण असते. आणि हप्ता एकदा थकला, दुसऱ्यांदा थकला, तर जप्तीला येणारी माणसे गिअरबॉक्स शाबूत आहे की फुटला आहे याची विचारपूस करीत नाहीत.

आता गिअरबॉक्स का फुटतो? या प्रश्नाला मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण कज्ज्यांत वादी-प्रतिवादी दोघेही याच ठिकाणी अज्ञानाचा फायदा घेतात. उत्पादकाच्या बाजूचे ठरीव उत्तर ‘जादा बोजा’ हे, आणि मालकाच्या बाजूचे ‘माल खराब होता’ हे. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी गिअरबॉक्सची पेटी उघडून क्वचितच पाहिलेली असते.

इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ठरलेला आहे. गाडीवर दीडपट माल लादल्याने इंजिन दीडपट जोर देऊ लागत नाही. मग जादा बोजाने पेटीचे नुकसान कसे होते? ते असे, की हलक्या गाडीला हा पूर्ण जोर क्वचितच लागतो आणि लादलेल्या गाडीला तो सारखा लागतो. गोलाकार छऱ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य त्याच्यावरील भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ साली गणिताने मांडला, आणि जगातले सारे बेअरिंग-उत्पादक आजही त्याच नियमाने आपल्या सूचीपुस्तिका छापतात. भार दुप्पट झाला की आयुष्य अर्धे होत नाही, अष्टमांश होते. दुसरे असे, की या गाड्यांच्या पेटीत एक गिअर बहुधा सरळ असतो. त्यात शक्ती काउंटर शाफ्टकडे, म्हणजे बाजूच्या समांतर दांड्याकडे, न वळता आरपार जाते आणि दाते जवळजवळ विश्रांती घेतात. भरलेला डाला याहियागंजच्या गल्लीत किंवा घाटाच्या चढावर असताना तो सरळ गिअर लागतच नाही; सारा दिवस पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यावर जातो, आणि त्या प्रत्येक क्षणी जोर दात्यांवरून आणि काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवरून वाहतो. तेव्हा ‘एक लाख किलोमीटर’ हा आकडा मलिहाबादच्या हमरस्त्यावर एक आणि अमीनाबादेत वेगळाच ठरतो. ट्रॅक्टरवाल्यांना हे फार पूर्वीच उमगले. त्यांच्या यंत्राला तास मोजणारे घड्याळ असते आणि तेल बदलण्याचा हिशोब तासांवर चालतो. मालवाहू गाडीला मात्र आपण रस्त्याच्या लांबीने मोजतो, जणू लखनौत आणि लाहौल-स्पितीत किलोमीटर सारखाच थकवतो.

तिसरी गोष्ट तेलाची. गिअर एकमेकांशी जुळताना त्यांचा वेग समान करणारी सिंक्रोनायझरची जी कडी असते ती बहुधा पितळेची असते. अतिदाबाच्या काही तेलांत गंधक आणि स्फुरद यांची द्रव्ये इतक्या प्रमाणात असतात, की मागच्या धुरीच्या पोलादी दात्यांना ती उत्तम आणि या पितळी कडीला मारक. मूळ कारखान्याने सांगितलेले तेल एक, बाजारात ‘गिअर ऑइल’ म्हणून मिळणारे दुसरे, आणि दोन्ही डबे दिसायला सारखे. पुढे काय होते ते प्रत्येक मिस्त्री सांगेल: आधी दुसरा गिअर घालताना खरखर, मग चढावर गिअर आपोआप उडू लागतो, मग बेअरिंग ‘बोलायला’ लागते, आणि एके दिवशी ऑइल सीलमधून तेल गळून गेलेल्या पेटीत दात्यांचे तुकडे सापडतात. या पायऱ्यांना पाच-सहा महिने लागतात, आणि त्यांतील पहिली पायरी हमीच्या मुदतीत पडली तरी चालक गाडी उभी करीत नाही. उभ्या गाडीचा हप्ता कोण भरणार?

पण सगळा दोष चालकाच्या डोक्यावर थापून हात झटकता येणार नाही. कठिणीकरण नीट न झालेला दाता, चुकीच्या जाडीचा शिम (अंतर भरणारी पातळ चकती), एका पुरवठादाराकडून आलेली कच्ची बेअरिंगे, हेही असते, आणि ते एका गाडीत नव्हे तर एका विशिष्ट काळात बनलेल्या सगळ्या गाड्यांत असते. म्हणूनच एका चालकाला जे दुर्दैव वाटते ते कारखान्याच्या कचेरीत आलेख होऊन बसलेले असते: कोणत्या महिन्यातल्या कोणत्या पेट्या किती किलोमीटरवर परत आल्या, याची नोंद हमीच्या दाव्यांतून आपोआप तयार होते. हमीची मुदत संपली की ही नोंद थांबते, कारण नंतरची दुरुस्ती रस्त्यालगतच्या गॅरेजात होते आणि जुने भाग भंगारात जातात. ज्या काळात यंत्र मरते त्याच काळाचे आकडे कोणाजवळही नाहीत. यापुढे मी जे कायद्याबद्दल बोलणार आहे त्यातली निम्मी अडचण याच रिकाम्या जागेतून उपजते.

आता हमीकडे वळू. या वर्गातील अनेक गाड्यांच्या करारनाम्यांत असा मजकूर असतो: तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी घडेल ते. चालक रोज १२० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धावला तर वर्षाला ३६,००० किलोमीटर होतात आणि लाखाचा आकडा पावणेतीन वर्षांच्या सुमारास पूर्ण होतो. साठ हप्त्यांचे कर्ज असेल तर त्या दिवशी सुमारे सत्तावीस हप्ते शिल्लक असतात. दुसरा अधिक कष्टाळू, रोज १८० धावणारा. त्याचे लाख किलोमीटर बावीस-तेवीस महिन्यांतच पुरे होतात, आणि त्याच्यापुढे सदतीस-अडतीस हप्ते उभे असतात. जो अधिक राबतो त्याची हमी लवकर संपते, आणि ज्याचे कर्ज अधिक लांब त्याची उघड्यावरची वाट अधिक लांब. या अंतराचा हिशोब विक्रेत्याच्या टेबलावर कोणी करीत नाही. कर्ज देणारा हप्त्याची तारीख दाखवतो, विक्रेता हमीपत्र दाखवतो, आणि दोन्ही कागद एकाच फायलीत असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

विम्याचे तरी काय? तिथे माझा शेरा येतो. मोटारविम्याच्या पॉलिसीत यांत्रिक वा वैद्युत बिघाड, झीज, आणि त्यातून उद्भवणारे नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. गाडी झाडावर आदळून पेटी फुटली तर भरपाई, पेटी आतून फुटली तर नाही. कलम अतिशय रास्त आहे, कारण झीज हा अपघात नव्हे. पण हमी संपल्यावरच्या त्या सत्तावीस हप्त्यांच्या काळात मालकाच्या डोक्यावर कोणतेच छत्र राहत नाही हे सत्य मला ते शेरे मारता मारता कळून चुकले, आणि नियम रास्त असून त्यांची बेरीज अन्यायाची कशी होते याचा हा नमुना आहे.

उत्पादकाचा जादा बोजाचा आक्षेप आता पुन्हा घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा बोजास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. बेकायदा लादणाऱ्याला हमी नाकारणे योग्यच. परंतु विक्रीच्या जाहिरातीत तीच गाडी ‘दमदार’ म्हणून कशी दाखवली जाते, आणि विक्रेत्याचा मुलगा ग्राहकाला कानात किती टनाचे आश्वासन देतो, ते कोणी ऐकलेले नाही असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘दोष’ या संज्ञेची व्याख्या करताना कायद्याने वा कराराने आवश्यक असलेल्या दर्जाबरोबरच व्यापाऱ्याने ‘कोणत्याही प्रकारे’ दावा केलेल्या दर्जाचाही समावेश केला आहे. हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. अनेक वकीलही त्यांच्यावरून नुसती नजर फिरवतात.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक विलक्षण गोष्ट दडली आहे. आपला मालविक्री कायदा १९३० सालचा, आणि तो इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याचे अपत्य. त्यातील सोळाव्या कलमात माल ‘व्यापारयोग्य गुणवत्तेचा’ असावा अशी गर्भित अट आहे. गुणवत्ता म्हणजे विक्रीच्या दिवशीची. पुढे इंग्लंडात मालविक्री कायद्याची सुधारणा १९९४ साली झाली आणि गुणवत्तेच्या घटकांत ‘टिकाऊपणा’ स्पष्टपणे घातला गेला. किरकोळ ग्राहकांपुरता तोच शब्द २०१५ च्या कायद्यात पुन्हा आला, आणि युरोपीय संघानेही २०१९ साली तशीच तरतूद केली. आपण मात्र बापाने बदललेले घर सोडून त्याच्या जुन्या घराचा नकाशा उराशी धरून बसलो आहोत. विक्रीच्या दिवशी उत्तम चालणारी पेटी एक लाख दहा हजार किलोमीटरवर फुटली, तर १९३० चा कायदा विचारतो की विक्रीच्या दिवशी ती चालत होती ना? चालत होती, मग वाद संपला.

ग्राहक कायद्याकडून या बाबतीत आशा बरीच होती. १९८६ च्या कायद्यात व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक ठरत नव्हता. १९९३ च्या दुरुस्तीने स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून वाचवले. त्या स्पष्टीकरणाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली महाराष्ट्रातील एका लघुउद्योगाच्या प्रकरणात लावला. उद्योगाने कोइमतूरच्या संस्थेकडून एक महागडे यंत्र घेतले होते, ते सदोष निघाले, राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती फिरवली, आणि शेवटी न्यायालयाने उद्योगाचा दावा फेटाळला. पण फेटाळताना जो मार्ग आखून दिला तो आपल्या डाल्याच्या मालकाला उपयोगी आहे. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा, मदतीला एखादा माणूस ठेवूनही, ग्राहकच राहतो. ज्याने ट्रक दुसऱ्याच्या हाती सोपवून केवळ मालकी ठेवली तो राहत नाही. न्यायमूर्तींनी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर सोडले आहे.

ग्राहक म्हणून कायद्याच्या आत शिरल्यावर काय मिळते? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात, जिथे तक्रार क्लचची होती, असे ठरवले की हमीच्या अटींत सदोष भाग बदलून देण्याचे आश्वासन असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. हे करारशास्त्राला धरून आहे, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. पण मग हमीनंतर? इथे २०१९ च्या कायद्याने उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण घातले, आणि वृत्तपत्रांतून त्याचे मोठे कौतुक झाले. सहावे प्रकरण वाचून पाहा: निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, सूचनांचा अभाव, यांसाठी उत्पादक जबाबदार. उत्तम! नंतर व्याख्यांकडे परता, आणि ‘हानी’ म्हणजे काय ते पाहा. तिथे स्वच्छ लिहिले आहे की खुद्द वस्तूला झालेली हानी, हमीच्या अटी मोडल्याने मालमत्तेला झालेले नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा हे या संज्ञेत येत नाहीत. गिअरबॉक्स फुटला आणि त्यामुळे कोणी जखमी झाले, तर दायित्व. गिअरबॉक्स नुसताच फुटला, गाडी तीन आठवडे उभी राहिली, आंब्याचा हंगाम हुकला, तर नाही. कायदेमंडळाने एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने व्याख्येच्या आड ठेवला, आणि तो ज्याच्यासाठी सर्वांत गरजेचा होता त्याच्यापासूनच दूर ठेवला, हे माझे या कायद्याविषयीचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे आहे.

दुरुस्तीच्या स्वातंत्र्यावर दोन वाक्ये. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली मोटारगाड्यांच्या चौदा उत्पादकांना, सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न पुरवल्याबद्दल एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला, आणि स्वतंत्र गॅरेजात गेल्या कारणाने सरसकट हमी रद्द करण्याची अट लावू नये असेही फर्मावले. कंपन्यांनी अपिले केली. त्या हुकमाचा रोख खाजगी मोटारींवर होता, पण लखनौच्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या गॅरेजातून गेलेल्या गाडीची हमी त्याच कारणावरून नाकारली जाण्याचा शिरस्ता मालवाहू गाडीतही आढळतो, आणि युक्तिवादाला तो हुकूम उपयोगी पडतो.

मग काय व्हावे? माझ्या मते तीनच गोष्टी, आणि तिन्ही कायदेमंडळाला फारसा खर्च न येणाऱ्या. मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात टिकाऊपणा लिहिला जावा, म्हणजे न्यायालयाला हमीच्या तारखेऐवजी या प्रकारच्या यंत्राने रास्त वापरात किती काळ चालावे हा प्रश्न विचारता येईल. हमीची मुदत विक्रेत्याने कर्जाच्या मुदतीशी जोडून लिहून दाखवावी. विस्तारित हमी बाजारात मिळते, तिची किंमत हप्त्यात घालायची की नाही हे ग्राहकाने ठरवावे, पण अंतर त्याला माहीत नसताना कर्जाच्या कागदावर सही करून घेणे ही फसवणुकीच्या शेजारची गोष्ट आहे. आणि तिसरी, सर्वांत साधी: दुरुस्तीनंतर जुने भाग मालकाच्या ताब्यात देण्याची सक्ती व्हावी. २०१९ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे ग्राहक आयोग वस्तू परीक्षणासाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; पण जो दाता भंगाराच्या भट्टीत वितळून गेला त्याचे परीक्षण कोण करणार? फुटलेला दाता हा या प्रकरणातला एकमेव निष्पक्षपाती साक्षीदार आहे. तो कशाने फुटला ते त्याच्या भंगलेल्या पृष्ठावर दिसते: थकव्याने हळूहळू गेलेला दाता एका बाजूने समुद्रकाठच्या वाळूसारख्या लाटांच्या खुणा घेऊन येतो, एकाच धक्क्याने तुटलेला खडबडीत, आणि कठिणीकरण चुकलेला असेल तर त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली वेगळाच दिसतो.

तोवर ज्या चालकांची आपल्यापैकी कोणाकडे ये-जा असेल त्यांना एवढे सांगता येईल. खरखर सुरू झाल्याच्या दिवशी अधिकृत केंद्रात जाऊन तक्रार लेखी नोंदवावी आणि जॉबकार्डाची प्रत घ्यावी, कारण हमीच्या मुदतीत नोंदलेली तक्रार मुदतीनंतरच्या बिघाडालाही पाया देते. ग्राहक आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची कालमर्यादा तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. तेलाच्या डब्यांची बिले, वजनकाट्याच्या पावत्या, आणि गाडी स्वतः चालवतो याचा पुरावा म्हणून परवान्याची प्रत सोबत असावी. राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांत दोनशे रुपये, आणि वकील असलाच पाहिजे असे नाही. निकाल तीन महिन्यांत, परीक्षण लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो.